यंत्रातली अंड्याची पोळी: देवबागच्या पडवीतल्या न्याहारी टेबलाच्या नोंदी

काम: घरगुती निवासाच्या पडवीत विजेच्या ऑम्लेट मेकरवर न्याहारीची सोय. जागा: देवबाग, तालुका मालवण. पाहुणे एका वेळी जास्तीत जास्त १२. बोटींवर आणि स्कूबाला जाणारे आठच्या आत निघतात, म्हणजे ताटं साडेसात ते आठमध्ये सुटली पाहिजेत. मुदत वसुबारसेची, १७ ऑक्टोबर. यंत्रं दोन, एक जुनं, एक नवं. दोन्ही ७०० वॉटची, अर्ध्या चंद्राच्या आकाराचे दोन खळगे असलेली, प्लेटा न निघणाऱ्या.

९ सप्टेंबर २०२५

जुनं यंत्र मे अखेरीला बांधून ठेवलेलं, ते आज काढलं. प्लग लावून बटण दाबलं आणि घरातला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. दुसऱ्या बोर्डावरही तेच. इस्त्री त्याच सॉकेटवर व्यवस्थित चालते, म्हणजे दोष यंत्रात.

वायरमनने मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला. एलिमेंट आणि धातूच्या प्लेटमधला इन्सुलेशनचा आकडा अगदीच खाली. एलिमेंट सादळलंय. एलिमेंटच्या नळीच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती वीज अडवते, उष्णता जाऊ देते, पण दमट हवा ओढून घ्यायची तिला खोड. नळीच्या टोकाचं सील जरा सैल झालं की चार महिन्यांच्या पावसात ती ओली होते आणि करंट बॉडीकडे झिरपतो.

अशा वेळी अर्थची तार कापून 'चालू' करून देणारे भेटतात. तसं केलं तर आरसीसीबी पडणार नाही हे खरं, पण मग गळणारा करंट ओल्या हाताने झाकण उघडणाऱ्याच्या अंगातून जाईल. अर्थची तार जशी आहे तशीच ठेवली.

११ सप्टेंबर

उन्हाचा पत्ता नाही. यंत्र झाकण उघडं ठेवून लाकडी पेटीत, शेजारी १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब, एकूण ९ तास. मेगरचा आकडा २० मेगाओहमच्या वर. नंतर रिकामं यंत्र १० मिनिटं चालवलं, आरसीसीबी शांत.

प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर होता. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, खारी हवा इथे दोन्हीकडून येते. पिना खोडरबराने घासून कोरड्या फडक्याने पुसल्या. पडवीतल्या सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग, म्हणजे संपर्क सैल होऊन आत तापत होतं. सॉकेट बदललं. या कामात काटकसर नको, ८० टक्के 'मशीन बिघडलं' इथेच असतं, असं वायरमनचं मत. आकडा त्याचा, पण रोख बरोबर आहे.

१२ सप्टेंबर

खळग्याची मापं. पाणी ओतून मोजायचं नाही, ते बिजागरीच्या फटीतून आत जातं. कोरडे तांदूळ काठोकाठ भरले आणि मापाच्या भांड्यात ओतले: एका खळग्यात १४० मिली. भरायचं मिश्रण ११० ते ११५ मिली, म्हणजे काठापासून बोटाच्या पेराएवढी नाही, अर्ध्या पेराएवढी जागा मोकळी.

बाजारचं अंडं कवचासकट ५५ ग्रॅमच्या आसपास, आतला ऐवज ४८. दोन अंडी अधिक कांदा-मिरची म्हटली की ११५ मिली बरोबर बसतं. गावठी अंडं ३८ ते ४० ग्रॅमचं. तिथे दोन पुरत नाहीत, तीन लागतात. पाहुण्यांना 'दोन अंड्यांचं' म्हणून सांगायचं असेल तर हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर हिशोबात घोळ होतो.

एका अंड्याचं ऑम्लेट या यंत्रात होत नाही. खळगा अर्धा राहतो, वरची प्लेट अंड्याला टेकतच नाही, खालून तपकिरी आणि वरून पांढरं, ओलसर असं काहीतरी निघतं. तीन बाजारी अंडी घातली तर उलटं: फुगून झाकण उचलतं, दोन खळग्यांतल्या कडेवरून वाहतं आणि मागच्या बिजागरीत जळून बसतं. तिथलं काढायला टूथब्रश लागला, अर्धा तास गेला.

१३ सप्टेंबर

पहिल्या सहा फेऱ्या. लाल दिवा म्हणजे वीज आली, हिरवा म्हणजे प्लेट तापली. हिरवा पहिल्यांदा लागला ४ मिनिटांनी. तेव्हा मध्यावर १९० अंश, कडेला १६०. लगेच ओतलेलं अंडं कडेला फिकं राहिलं आणि उचलताना तिथेच चिकटलं. हिरवा जाऊन पुन्हा लागेपर्यंत थांबलं की मध्य आणि कड यांतला फरक १० अंशांच्या आत येतो. म्हणून नियम: दुसऱ्या हिरव्यावर ओतायचं. सकाळची पहिली फेरी असेल तेव्हाच हे थांबणं लागतं.

ओतल्यावर थंड मिश्रणाने प्लेट उतरते, हिरवा जातो आणि साधारण पावणेचार मिनिटांनी परत येतो. बहुतेकांना वाटतं, झालं. थर्मामीटर टोचला तर मध्यावर ५८ अंश. पांढरा बलक ६० च्या पुढे बांधायला लागतो, पिवळा ६५ ते ७० ला. म्हणजे हिरवा लागला तेव्हा आत अजून रस्सा होता. दिवा प्लेटचा आहे, अंड्याचा नाही. ६ मिनिटांना मध्यावर ७८, टूथपिक कोरडी. विकायच्या ताटात ७४ च्या खाली काढायचं नाही असं ठरवलं.

मधेच झाकण उघडून बघण्याचा मोह टाळा. वरचा पापुद्रा अजून ओला असतो, तो वरच्या प्लेटला चिकटून फाटतो आणि दोन्हीकडून खरवडायची पाळी येते. चार मिनिटांच्या आत झाकणाला हात नाही.

१५ सप्टेंबर

मिश्रणाचं काम. यंत्रात ऑम्लेट भाजतं कमी, वाफवतं जास्त. उघड्या तव्यावर कांद्याचं, टोमॅटोचं पाणी उडून जातं. बंद झाकणाखाली ते तिथेच फिरतं. म्हणून तव्यावरचा अंदाज इथे चालत नाही.

एका खळग्याचं माप आता असं: बाजारी अंडी २, दूध १० मिली (लहान दोन चमचे), मीठ चहाच्या चमच्याचा आठवा भाग, बारीक कांदा १५ ग्रॅम, अर्धी हिरवी मिरची, कोथिंबीर एक चमचा, हळद चिमटीभर. मीठ अंड्यात, कांद्यात नाही. कांद्याला मीठ लागलं की पाच मिनिटांत वाटीच्या तळाशी पाणी. कांदा ओतायच्या अगदी आधी घालायचा. टोमॅटो घालायचाच तर बिया आणि गर काढून, फक्त भिंत, १० ग्रॅम.

दूध ३० मिलीपर्यंत वाढवून पाहिलं. यंत्रातून निघताना सुरेख, लुसलुशीत. ताटात पाच मिनिटांनी खाली पाण्याचं डबकं आणि पाव भिजलेला. परत १० वर.

फेटणं काट्याने २५ ते ३० वेळा. मिक्सर नको. फेसाचं ऑम्लेट झाकण उघडताना पुरणपोळीसारखं टम्म दिसतं आणि ताटात जाईपर्यंत बसतं. पाहुणा बसलेलंच बघतो.

१६ सप्टेंबर

तेल. घरचं घाण्यावरचं खोबरेल आधीपासून लावून ठेवलं तर प्लेट १९० ला जाईपर्यंत ते धुरतं आणि खळग्याच्या कोपऱ्यात पिवळट चिकट पापुद्रा धरतं. त्या पापुद्र्यालाच पुढचं अंडं धरतं, मग 'कोटिंग गेलं' म्हणून बोंब. कोटिंग शाबूत असतं, वर वार्निश चढलेलं असतं. तेल हिरवा लागल्यावर, ओतायच्या आधी पाच सेकंद, ब्रशने, दोन्ही खळगे आणि वरची प्लेट मिळून अर्धा चमचा. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं बरं. लोण्यातला दुधाचा अंश काळे ठिपके देतो, तूप चालतं. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल वापरू नका, त्यातलं लेसिथिन नॉनस्टिकवर बसतं आणि निघत नाही.

जुन्या यंत्रावरचा पापुद्रा काढायची रीत: प्लग काढून, यंत्र कोमट असताना, ओलं पिळलेलं फडकं साबणाचे दोन थेंब लावून खळग्यात अंथरायचं, झाकण बंद, १० मिनिटं. वाफेने सैल होतं, मग मऊ फडक्याने. तीन वेळा केल्यावर प्लेट मूळ रंगावर आली. राख, नारळाचं सोडण आणि तारेची घासणी या टेबलाच्या आसपाससुद्धा ठेवू नयेत, सवयीने हात जातोच. उलथनं लाकडी किंवा सिलिकॉनचं. पोलादी कालथ्याचा एक ओरखडा जुन्या यंत्राच्या डाव्या खळग्यात आहे, त्या खळग्यातलं ऑम्लेट दरवेळी त्याच जागी किंचित धरतं.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. आजपासून नवरात्र संपेपर्यंत घराच्या स्वयंपाकघरात अंडं जात नाही. विजेचं यंत्र घ्यायचं खरं कारण हेच आहे. चवीत ते बिडाच्या तव्याची बरोबरी करत नाही, एका माणसासाठी तर तव्यापेक्षा हळू आहे. पण ते घराबाहेर, पडवीत, स्वतःच्या भांड्यांसह राहू शकतं. गॅस लागत नाही, चूल विटाळत नाही. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, आणि पाहुणे तर याच सुट्यांत येतात.

टेबलाचं सामान वेगळं केलं: सुरी, पाट, दोन वाट्या, काटा, ब्रश, फडकी, बादली. सगळ्यांवर लाल टेप. धुणं मागीलदारच्या मोरीवर. टरफलं माडाच्या आळ्यात, पण मातीत पुरून. वर टाकली की कावळे पडवीत येतात. काल टेबलावरचं अख्खं अंडं एका कावळ्याने उचललं, म्हणून अंड्यांच्या ट्रेवर आता जाळीचं झाकण.

यंत्राखाली मेणकापड होतं, ते मऊ पडून पायांना चिकटलं. कडप्प्याचा तुकडा ठेवला. मागच्या भिंतीपासून १० सेंटिमीटर अंतर, कारण वाफ बिजागरीकडून मागेही निघते आणि भिंतीचा चुना ओला होतो.

२७ सप्टेंबर

सकाळी पावणेआठला सहा मिनिटांचं ऑम्लेट कच्चं निघालं. मध्यावर ६६. परवा दुपारी तेच यंत्र, तेच माप, ७८. अंडी दोन्ही वेळा बाहेरचीच, फ्रिजमधली नाहीत.

बोर्डावर मीटर लावला: २०६ व्होल्ट. दुपारी २२५ होतं. पहिला संशय गावाच्या लाईनवर, पण शेजारच्या घरी त्याच वेळी २२७. मग आपलंच काहीतरी. दोन गीझर एकदम चालू होते, २ किलोवॉटचे, मिळून सुमारे १७ ॲम्पिअर. घराचा वीजमीटर रस्त्याकडेला, तिथून माडांमधून घरापर्यंत ४५ मीटर केबल, २.५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची. जाऊन-येऊन ९० मीटर, अडथळा सुमारे १.१ ओहम. यंत्र धरून २० ॲम्पिअर म्हणजे २२ व्होल्ट वाटेतच संपतात.

व्होल्टेज १० टक्के उतरलं तर उष्णता १० टक्के उतरत नाही, वर्गाच्या प्रमाणात उतरते. २०६ व्होल्टवर ७०० वॉटचं यंत्र ५६० वॉटचं होतं. पाहुण्यांच्या आंघोळी आणि न्याहारी एकाच तासात, म्हणून बिघाड फक्त सकाळी दिसतो. अशा वेळी ८ मिनिटं द्यावी लागली.

उपाय दोन. आजपासून गीझर पावणेसातला बंद, पाणी टाकीत तापलेलं राहतंच. आणि केबल १० चौरस मिलिमीटरची टाकायची, तिच्यात तेवढ्याच भाराला साडेपाच व्होल्टच पडतील.

३० सप्टेंबर

अंड्यात घालायच्या जिनसांचे तीन प्रयोग, आज नवं यंत्र.

जवळा (सुकी बारीक कोळंबी): खळग्याला ५ ग्रॅम, आधी चाळून (वाळू असतेच), कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजून. अंड्यात मीठ घालायचं नाही. चव उत्तम, पावाबरोबर सगळ्यांत आवडलेला प्रकार. पण वास प्लेटला दोन फेऱ्या राहतो, म्हणून जवळ्याची फेरी शेवटची.

कोळंबी: कच्ची घातली तर पाणी सोडते आणि मध्यावर अर्धवट शिजते. आधी वाफवून, निथळून, बारीक करून २० ग्रॅम. जमतं, पण दगदग आहे. रोजच्या यादीत नको.

ओलं खोबरं: चमचाभर ठीक, त्यापुढे त्यातली साखर प्लेटला करपते.

४ ऑक्टोबर

शाकाहारी पाहुण्यांसाठी बेसनाचं टोमॅटो ऑम्लेट. यंत्र वेगळं लागेल, अंड्याचं यंत्र धुऊन देणं बरोबर नाही. बेसन ८० ग्रॅम, तांदळाचं पीठ २०, पाणी १५० मिली, टोमॅटो, कांदा, ओवा. खळगा भरला तर १० मिनिटांनीही आत पिठूळ. अर्धा भरला तर वरची प्लेट टेकत नाही, पाचव्या मिनिटाला उलटावं लागतं. मग यंत्र कशाला? शाकाहारींना घावनच, बिडाच्या तव्यावर, आतून. कुणीतरी यंत्रात घावनाचं पीठ ओतून बघा म्हटलं, बघितलं: जाळी नाही, इडलीचा चुलतभाऊ निघाला.

८ ऑक्टोबर

नवी केबल जोडली. दोन्ही गीझर चालू, यंत्र चालू, बोर्डावर २२१. सहा मिनिटांत मध्यावर ७६.

संध्याकाळी लाईट गेली ती नेमकी फेरीच्या मधे. झाकण बंद ठेवलं तर साठलेल्या उष्णतेवर अंडं आणखी दोन-तीन मिनिटं शिजत राहतं. चार मिनिटांनंतर गेली असेल तर बहुधा पार पडतं, थर्मामीटरने खात्री करून. त्याआधी गेली तर उघड्यावरच्या छोट्या शेगडीवर तव्यात पुरं करायचं. इन्व्हर्टरवर यंत्र लावायचं नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ७०० वॉट काढायचे म्हणजे घटीसकट ६५ ते ७० ॲम्पिअर. पंखे-दिव्यांसाठी ठेवलेली बॅटरी त्यात लवकर जाते, आणि लहान इन्व्हर्टर तर ओव्हरलोड दाखवून बसतो.

१२ ऑक्टोबर

मुंग्या. नव्या यंत्राच्या तळच्या झरोक्यांतून आत शिरल्या, अंड्याचा ओघळ बिजागरीत राहिला होता. रोज शेवटी प्लग काढून कडप्पासुद्धा पुसायचा, यंत्राचे पाय पाण्याच्या चार झाकणांत ठेवायचे नाहीत (सुचवलं गेलं होतं, विजेच्या यंत्राखाली पाणी नको). पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्या, यंत्राचं झाकण बोटभर उघडं.

मिश्रण आधी करून जगमध्ये भरून ठेवायची टूम निघाली, वेळ वाचेल म्हणून. नाही. इथल्या उकाड्यात फोडलेलं अंडं बाहेर तासाच्या वर नको, आणि कांदा आधी घातला की पाणी सुटतंच. एका फेरीची चार अंडी, तेवढीच. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत, गावठी असेल तर विशेषच.

१६ ऑक्टोबर

रंगीत तालीम, १२ ताटं. दोन यंत्रं मिळून १४०० वॉट, ६ ॲम्पिअरच्या वर, म्हणून एकाच एक्स्टेन्शनवर दोन्ही नाहीत: जुनं ओटीवरच्या सॉकेटवर, नवं पडवीतल्या. ७:२० ला बटण, ७:२७ ला पहिलं ओतलं. फेरी सहा मिनिटं, काढणं-पुसणं-तेल एक मिनिट. प्रत्येक यंत्राच्या तीन फेऱ्या, शेवटचं ताट ७:४८ ला. वीज ०.४६ युनिट. अंडी २४, फाटलेलं ऑम्लेट एक, जुन्या यंत्राच्या डाव्या खळग्यातलं, ओरखड्यापाशीच.

टेबल सांभाळणाऱ्या मावशींसाठी भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: 'दुसरा हिरवा. तेल. ओता. झाकण. घड्याळात सहा. चारच्या आत उघडू नका. उघडताना हात बाजूने, समोरून वाफ येते.' मावशींनी खाली स्वतः एक ओळ वाढवली: 'कावळे बघा.'

राहिलेलं: नव्या यंत्राच्या बिजागरीचे दोन स्क्रू साध्या लोखंडाचे, महिन्याभरात गंजाचे ठिपके आले. मालवणहून स्टेनलेसचे, त्याच मापाचे आणायचे, नमुन्याला एक काढून पाकिटात ठेवलाय. तोवर तिथे एकच स्क्रू आहे, झाकण एका हाताने उचलू नये.